ताडपत्रीखालचा राब

मी काय काम करते हे सांगायला मला एक लांबलचक वाक्य लागतं, आणि ते ऐकून झालं की समोरचा विचारतो, म्हणजे नक्की काय? हवामान बदलाला तोंड देण्याची क्षमता आणि ग्रामीण उपजीविका, असं नाव असलेल्या कार्यक्रमाची मी व्यवस्थापक आहे. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, सून पावसाच्या खात्यात आहे. मी दुरुस्त करत नाही. त्यांची व्याख्या आमच्या माहितीपत्रकापेक्षा सोपी आहे.

आमची संस्था मुळात संकटात धावून जाणारी. भूकंप झाला, पूर आला की तंबू, ब्लँकेटं, डाळ-तांदूळ घेऊन पोचायचं, ही तिची ओळख. पण संकटं सांगून येत नाहीत आणि कार्यालयाचं भाडं मात्र दर महिन्याला सांगून येतं. म्हणून संकट येण्याआधीच लोकांना त्याच्यासाठी तयार करायचं, असं नवं काम संस्थेनं काढलं. त्यात आमच्या वाट्याला मावळ आला. मावळच का, हे मी रुजू झाल्यावर विचारलं होतं. मुंबईचा विमानतळ जवळ पडतो आणि पाहुण्यांना उतरायला खंडाळ्यात चांगली हॉटेलं आहेत, असं उत्तर मिळालं. निदान खरं तरी होतं.

कार्यालय लोणावळ्यात, एका चिक्कीवाल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर गुळाचा वास येतो आणि पावसाळ्यात कपाटातल्या अहवालांना मुंग्या लागतात. त्या अहवालांत एवढा रस दुसऱ्या कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हवामान बदलात मावळचा दोष कोणता, हे ठरवायला खंडाळ्याच्या एका हॉटेलात कार्यशाळा झाली. शनिवार होता. खिडकीतून द्रुतगती मार्ग दिसत होता आणि त्यावर मुंबईहून धबधबे बघायला निघालेल्या मोटारी इंजिनं चालू ठेवून जागच्या जागी उभ्या होत्या. मध्येच वीज गेली, तेव्हा हॉटेलचा जनरेटर धडधडायला लागला. आत एसीचा गारठा इतका की बायकांनी पदर आणि पुरुषांनी टेबलावरचे नॅपकिन लपेटून घेतले होते. अशा वातावरणात सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधून काढला. तो होता राब.

राब शहरातल्या वाचकाला सांगायला हवा. भाताची रोपं ज्या तुकड्यात तयार करायची, तिथं पावसाळ्याआधी शेण, पालापाचोळा, गवत, झाडांच्या छाटलेल्या फांद्या यांचे थर रचतात, वर थोडी माती टाकतात आणि ते सगळं भाजतात. त्यानं जमिनीतलं तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोपं जोमानं येतात. पुढं तीच रोपं उपटून खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या शेतात, लावायची. मावळात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. राबात काही वाईट नाही, असं मी म्हणणार नाही. झाडं ओरबाडली जातात, शेण जळून जातं, धूर होतो. त्यावर शेतकऱ्यांशी बसून शांतपणे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण शांतपणे बोलायला आमच्या वेळापत्रकात जागा नव्हती. जागा होती ती फलकाला. 'राबमुक्त गाव' असा हिरवा फलक आंदर मावळातल्या एका गावाच्या रस्त्यावर रोवला गेला. गावानं राब सोडण्याआधीच तो छापून आला होता.

फलक ज्या खाचराच्या बांधावर रोवला ते मावशींचं. मावशी आमच्या आदर्श शेतकरी. निवडीचं कारण असं की त्यांचं खाचर डांबरी रस्त्याला लागून होतं, पाहुण्यांना चिखलात उतरावं लागत नव्हतं. शिवाय घर बौद्धवाड्यातलं, म्हणजे 'वंचित घटक' हा रकानाही त्यांच्यावरच भागत होता. मावशींचा एक भाऊ रेल्वेत, भाची शाळेत शिक्षिका. आणि मावशींनी बांधावरून कुणाला हाक मारली, तर ज्याला मारली तोच वंचित दिसायचा. पण रकाना तो रकाना.

पहिल्या वर्षी आम्ही राबाऐवजी प्लास्टिकचे ट्रे दिले. ट्रेमध्ये चाळलेली माती भरायची, मोड आणलेलं बी पेरायचं आणि झारीनं पाणी घालायचं. काही ठिकाणी ही पद्धत चांगली चालते, मी पाहिलेली आहे. इथं ट्रे आले उशिरा, चाळायला माती होती चिकट, आणि ते ठेवले अंगणात. कोंबड्यांना कार्यक्रम फार आवडला. कोंबड्यांनी ठेवलं ते मुसळधार पावसानं ट्रेबाहेर वाहून नेलं. मावशींचं खाचर त्या वर्षी बरंचसं पडीक राहिलं आणि त्यात गुडघाभर गवत माजलं. आमच्या छायाचित्रकारानं फलक आणि गवत एकाच चौकटीत घेतलं. फोटो हिरवागार आला म्हणून वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर लागला.

पडीक खाचर मावशींच्या दिराच्याही डोळ्यांत भरलं. दीर जवळच्या आंबी गावातल्या एका कारखान्यात कामाला. आंदर मावळात हल्ली पांढऱ्या गाड्यांतून एजंट फिरतात. डोंगर दिसेल अशी जमीन हेरायची, तिच्यावर बंगले काढायचे आणि ते पुण्या-मुंबईच्या लोकांना विकायचे, हा त्यांचा धंदा. दिरानं त्यातला एक गाठला. जमीन भावाभावांची एकत्र होती. मावशींचे यजमान खंडाळ्यात एका बंगल्यावर राखणदार, आठवड्यातून एकदा घरी येणारे. माणूस सज्जन, पण त्यांच्याशी शेवटचं जो बोलेल त्याचं त्यांना पटतं. दीर कारखान्याची पाळी संपवून खंडाळ्याला जाऊन त्यांच्याशी बोलून आला आणि त्यांना पटलं. मग मावशी बोलल्या, तेव्हा तेही पटलं. शेवटी घरात तोडगा निघाला. यंदा खाचर पिकलं तर राहील. यंदाही पडीक राहिलं तर विकायचं आणि मावशींनी मुकाट्यानं अंगठा नव्हे, सही करायची. त्या सातवी शिकल्या आहेत आणि हे त्या प्रत्येकाला सांगतात.

मला हे त्यांनी नव्या वर्षाचे ट्रे घ्यायला आल्या तेव्हा सांगितलं. सहानुभूती मागत नव्हत्या, हिशेब मागत होत्या.

"खाचर जाईल, म्याडम, आन तुमचा बोर्ड तेवढा ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "मंग बंगलेवाल्याला शिकवा राब सोडायला."

मी त्यांना खात्री दिली नाही. खात्री देणं हे आमच्याकडं वरिष्ठांचं काम आहे.

त्या वर्षी ट्रेबरोबर आम्ही प्रत्येक घराला आपत्ती संच दिला. त्यात दोर, बॅटरी, शिट्टी आणि संस्थेचं बोधचिन्ह छापलेली निळी जाड ताडपत्री. शिट्टी संकटात मदतीला हाक मारायला. मावशींचा आवाज माहीत असल्यानं त्यांच्या संचातली शिट्टी मी काढून शाळेत दिली असती, पण यादी बदलायला परवानगी लागते. शिवाय ट्रेमध्ये पेरायला इंद्रायणीचं सुधारित बियाणं. मावशींनी आदर्श शेतकरी म्हणून दुप्पट मागितलं आणि मिळवलं.

आता गावाचा बेत सांगते. तो मला नंतर कळला, पण कळायला अवघड काही नव्हतं. आमच्या दोन क्षेत्र कार्यकर्त्या स्कूटीवरून गावात फेऱ्या मारायच्या. कामसू मुली, दोघीही याच तालुक्यातल्या. त्यांच्या देखत राब भाजला की गावाच्या नावापुढं फुली पडणार, आणि फुली पडली की पुढच्या टप्प्यात वरच्या वस्तीला येणारी पाण्याची टाकी जाणार. म्हणून गावानं ठरवलं की राब रचून ठेवायचे, पण भाजायचे मात्र मे अखेरीला. त्या आठवड्यात मुली प्रशिक्षणाला लोणावळ्यात असणार होत्या. वर्षानुवर्षं जे काम ऊन बघून केलं, ते यंदा आमचं वेळापत्रक बघून करायचं ठरलं. प्रशिक्षणाचा विषय होता, पावसाचा अंदाज कसा वाचावा.

आणि प्रशिक्षणाच्या आधीच पाऊस आला. वळवाची सर येऊन जाते तसा नव्हे. मे महिन्यात, पाहुणा सामानसुमानासकट मुक्कामाला यावा तसा. रचलेले राब भिजले. शेण-पाचोळ्याचा गच्च लगदा झाला, त्यावर अळंबी उगवली. मध्ये उघडीप मिळाली तेव्हा लोकांनी रॉकेल ओतून पाहिलं, नुसता धूर निघाला आणि आत सगळं ओलंच राहिलं. गावात एकही राब भाजला गेला नाही, असं आमच्या नोंदींत आलं.

ही बातमी आमच्या दिल्लीच्या साहेबांना फार आवडली. ते कार्यक्रमाचे प्रमुख. मावळात वर्षातून एकदा येतात आणि येताना नवीन बूट घालतात. व्हिडिओ बैठकीत त्यांनी माझं अभिनंदन केलं. गावानं शंभर टक्के राब सोडला, असं दुसऱ्या कुठल्या तालुक्यात झालं नव्हतं म्हणे. मी सांगितलं की गावानं काही सोडलेलं नाही, भिजलं म्हणून जळलं नाही. आता लोकांनी तशाच ओल्या जमिनीत बी टाकलंय, त्यात रोपापेक्षा तण जास्त उगवणार आणि लावणीला रोपं कमी पडणार. साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, कारणांच्या खोलात जाण्यापेक्षा आपण परिणामाकडं बघू या. पुढच्या महिन्यात ते स्वतः आदर्श शेतकऱ्याला भेटायला यायचं ठरलं.

पाहुणे येण्याआधी मी एकदा स्वतः सगळं बघून घेते. न बघितलेलं दाखवायला नेलं की काय होतं, हे मला ठाऊक आहे. जूनमध्ये गावात शिरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आत शिवारात, रोपांचे तुकडे पिवळे, विरळ, तणानं भरलेले. आमचे ट्रे जिथं होते तिथं त्यांत पाणी साचून बी कुजलं होतं. एका घरी ट्रेमध्ये बोंबील वाळत घातले होते, पण त्यांनाही ऊन नव्हतं. आणि हिरव्या फलकाखाली, रस्त्याला लागून, मावशींचा रोपांचा तुकडा. पोपटी, दाट, वीतभर उंच. त्याच्या कडेची माती काळी, राखेची.

मी गाडीतून उतरले. मावशी बांधावर बसून तंबाखूची मिसरी लावत होत्या. मी काही विचारायच्या आधी त्या म्हणाल्या की रोपं ट्रेमधलीच आहेत, खाली काढून लावली.

मी म्हटलं, "मावशी, मी पंचवीस वर्षं शेतांतनं हिंडतेय. राख मला ओळखता येते."

त्यांनी मिसरी थुंकली आणि तुकड्याकडं बघितलं. "मंग इचारता कशाला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. राब त्यांनीही रचला होता, सगळ्या गावासारखाच. बाकीच्यांचे तुकडे आत, शिवारात. त्यांचा एकट्यांचा रस्त्यावर, तोही 'राबमुक्त' फलकाच्या पायाशी. आमच्या मुली रोज तिथूनच जाणार. तेव्हा दिसू नये म्हणून मावशींनी ढिगावर आमचीच निळी ताडपत्री टाकली आणि चारही बाजूंनी धोंडे ठेवले. मग पाऊस आला. ताडपत्री चांगल्या प्रतीची होती, त्याबद्दल खरेदी विभागाला मानलं पाहिजे. आतला राब कोरडा ठणठणीत राहिला. पावसामुळं आमचं प्रशिक्षण पुढं गेलं होतं. ढग जरा उघडले, आम्ही नेमक्या त्याच दिवसांत मुलींना हॉटेलात कोंडलं, आणि मावशींनी राब भाजून टाकला. त्यावर पेरलं आमचं दुप्पट बियाणं.

मी विचारलं, पाऊस लवकर येणार असं त्यांना वाटलं होतं का. एखादी गोष्ट साधली की माणूस मागाहून शहाणपण जोडतो, तसं काही ऐकायला मिळेल, अशी माझी तयारी होती.

"पावसाचं मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "आमी पावसापासनं न्हाई झाकला. तुमच्यापासनं झाकला."

परत आल्यावर मी मुलींच्या नोंदी पाहिल्या. ताडपत्री त्यांनी पाहिली होती, फोटोही काढला होता. खाली टीप होती की लाभार्थीनं आपत्ती संचाचा वापर सुरू केला असून त्याखाली चारा सुरक्षित ठेवला आहे. चारा हे कुणी सांगितलं, असं विचारल्यावर एकीनं मावशींचं नाव घेतलं आणि दुसरी खिडकीबाहेर बघायला लागली. मी दोघींना रागावले नाही. मावशी चारा म्हणाल्या तर उचलून बघण्याची हिंमत मलाही झाली नसती.

साहेब आले ते रविवारी. रविवारी येऊ नका, असं मी कळवलं होतं. खंडाळ्याच्या हॉटेलातून कान्हे फाट्यापर्यंत यायला त्यांना जो वेळ लागला, त्यात ते दिल्लीहून परत एकदा येऊ शकले असते. भिजायला आलेल्या गर्दीत गाडी अडकली आणि कुणीतरी साहेबांच्या खिडकीतून भाजलेलं कणीस आत दिलं. गावात पोचले तेव्हा बूट अजून कोरडे होते आणि दातांत मका होता.

मी आधीच ठरवलं होतं की खरं सांगायचं. त्यात शूरपणा काही नव्हता. खोटं सांभाळायला जास्त कष्ट पडतात आणि माझ्याकडं दोनच कार्यकर्त्या होत्या. शिवाय टाकीचं काय करायचं, ते खरं सांगूनच भांडायला सोपं होतं. साहेब रोपं बघून थांबले. आजूबाजूचे पिवळे तुकडे पाहिले, मग हा. खाली वाकून त्यांनी चिमूटभर काळी माती बोटांवर घेतली आणि विचारलं, हे काय?

मी म्हटलं, हा राब आहे. यांनी राब भाजलाय. गावात यांचा एकट्यांचाच भाजला गेला, म्हणून यांचीच रोपं आली.

साहेब मातीकडं बघत राहिले. चेहरा उजळत गेला. म्हणाले, वरून मातीचा थर देऊन, कमी हवेत, आतल्या आत जाळलेला पालापाचोळा. हे तर बायोचार. जगभर सध्या यावर काम चाललंय. कर्ब जमिनीतच बंदिस्त होतो.

मी पुन्हा म्हटलं की साहेब, हा राब आहे. आपण सोडायला सांगतो तो.

ते म्हणाले, "राब हे स्थानिक नाव असेल."

मी फलकाकडं बोट दाखवलं. त्यांनी फलक वाचला, थोडा विचार केला आणि छायाचित्रकाराला सांगितलं की कोन जरा बदल, फलक नको येऊ दे. राब आणि बायोचार एकच नव्हेत हे मला ठाऊक आहे. ते साहेबांनाही ठाऊक असावं. पण पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात एक नवा शब्द हवा होता आणि तो त्यांना मावशींच्या बांधावर फुकट सापडला. ताडपत्रीची कथा तर त्यांना त्याहून आवडली. आपत्ती संचानं उपजीविका वाचवली, हे वाक्य त्यांनी तिथंच फोनमध्ये बोलून ठेवलं. कुणापासून वाचवली, हे मी दोनदा सांगितलं. फोनमध्ये ते गेलं नाही. मात्र बायोचारवाल्या गावाला फुली पडणार नव्हती, म्हणून टाकी यादीत राहिली.

मावशी एवढा वेळ बाजूला उभ्या होत्या. साहेबांनी हात जोडल्यावर त्यांनी जय भीम घातला आणि मला हळूच विचारलं की माणूस रागावला का खूश झाला. मी म्हटलं, खूश. त्यांना ते खरं वाटलं नाही. भाजलेल्या राबावर खूश झालेला संस्थेचा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. मग त्यांनी लगेच आणखी एक ताडपत्री मागितली.

साहेबांचं काम झालं. मावशींचं झालं नव्हतं. रोपं असणं वेगळं आणि ती खाचरात लागणं वेगळं. लावणी एकट्या बाईचं काम नव्हे. चिखलणी करायला बैल नाहीतर पॉवर टिलर लागतो, आणि कमरेत वाकून रोवायला माणसं. गावात यासाठी सावड असते. तुम्ही आमच्याकडं या, आम्ही तुमच्याकडं येतो. मजुरी नाही, नुसती फेड. सावडीचा क्रम कुठं लिहिलेला नसतो, पण तो सगळ्यांना पाठ असतो. आधी मोठ्या जमिनीवाल्यांची खाचरं, मग मधल्यांची, आणि शेवटी, पावसाचा जोर ओसरत आला की, बौद्धवाड्यातली. रोपं म्हातारी होईपर्यंत थांबायचं आणि मग घाईघाईत रोवायची. आमच्या 'सामाजिक एकजूट' या प्रकरणात सावडीचं फार कौतुक आहे. तो परिच्छेद क्रमाबद्दल काही बोलत नाही.

दिरानं हेच धरून ठेवलं होतं. रोपं असली म्हणून काय, वहिनींचा नंबर लागेपर्यंत ऑगस्ट येतोय, असं तो गावात सांगत होता. एजंटला त्यानं शब्द देऊन ठेवला होता आणि जमीन दाखवायला आणायचा दिवसही ठरवला होता.

पण या वर्षी बाकी गावाकडं लावायला रोपंच नव्हती. शेजारच्या गावांतून आणावीत, तर तिथंही तोच लगदा. सगळ्यांची नजर फलकाखालच्या त्या पोपटी तुकड्याकडं लागली. सगळ्यात आधी आले आबा.

आबा म्हणजे आमच्या गाव समितीचे अध्यक्ष. सगळ्यात मोठं शिवार त्यांचं, आणि राब सोडण्याची शपथ समितीला त्यांनीच दिली होती. मी त्या दिवशी मावशींच्या ओट्यावर चहा पीत होते, टाकीच्या जागेबद्दल बोलायला गेले होते. आबा एरवी रस्त्यावरून 'अगं ए' अशी हाक मारून काम सांगणारे. त्या दिवशी चपला काढून ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मावशी, हाइस का घरात?" मावशी त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. मला चहाचा ठसका लागला.

आबांनी पाऊस, कारखाने, सरकार असं सगळं फिरून शेवटी रोपांवर गाडी आणली. दुप्पट बियाण्याची रोपं. मावशींचं खाचर भरून बरीच उरणार, हे त्यांनी लांबूनच जोखलं होतं. पैसे देऊ केले. मावशींनी पैशाचं नाव काढू दिलं नाही. आबांना आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की पैसे परवडले असते.

मावशींचं म्हणणं साधं होतं. ज्याला रोपं पाहिजेत त्यानं सावडीला यायचं, आणि यंदाची सावड त्यांच्या खाचरापासून सुरू व्हायची. तिथं लावून झाली की मग उरलेली रोपं उपटायची. आबांनी सांगून पाहिलं की असं कधी झालेलं नाही, लोक काय म्हणतील.

"लोकांस्नी रोपं पायजेत का क्रम पायजे, तेवढं इचारून या, आबा," मावशी म्हणाल्या. "मी हाय हितंच."

आबा माझ्याकडं बघून म्हणाले की मॅडम, तुम्ही सांगा काहीतरी, समितीचं काम आहे. मी म्हटलं, समितीचा नियम राब भाजणाऱ्यांवर कारवाई करायचा आहे. तो लावायचा तर ही रोपं आधी उपटून टाकावी लागतील. आबांनी चहा मागितला. मावशींच्या घरात त्यांनी चहा प्यायल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. तोंड भाजलं तरी कप खाली ठेवला नाही.

लावणीच्या दिवशी मी गेले. सांगून ठेवते, कामासाठी गेले, हळवी होऊन नव्हे. टाकीच्या खड्ड्याची मापं घ्यायची होती. मावशींच्या खाचरात आबांचा पॉवर टिलर चिखल करत होता. गावातल्या आणि बौद्धवाड्यातल्या बाया इरलं नाहीतर प्लास्टिकची घोंगडी पाठीवर घेऊन ओळीनं वाकलेल्या. मावशी बांधावरून कुणाचं रोप वाकडं लागलं ते मोठ्यानं सांगत होत्या. आबांच्या सुनेला दोनदा सांगितलं. सून हसत होती, सासऱ्यांना ऐकू जाईल इतपत.

अर्धं खाचर लागून झालं असेल, तेव्हा पांढरी गाडी येऊन थांबली. दीर उतरला, मागून एजंट. दिरानं त्याला पडीक जमीन दाखवायला आणलं होतं. समोर चिखलात गाव. एजंटनं मात्र नाराज व्हायचं सोडून फोन काढला आणि फोटोच घ्यायला लागला. मागं डोंगरावरनं उतरणारं पाणी, पुढं लावणी. आमच्या गिऱ्हाइकांना असाच देखावा हवा असतो, असं तो दिराला सांगत होता. खिडकी कुठं येईल, तेही हातानं दाखवलं.

मावशींनी ते ऐकलं. ओरडल्या नाहीत, नेहमीच्याच आवाजात बोलल्या. म्हणजे सगळ्या शिवाराला कळलं.

"भाऊ, दिवाळीनंतर या. भात झोडायला माणसं लागत्यात."

बाया हसल्या. मग मावशी दिराकडं वळल्या. पडीक असलं तर विकायचं असं ठरलं होतं, ते ठरलेलंच आहे, त्यांनी काही मोडलेलं नाही. आता उभं राहून बघायचं असेल तर बघा, न्हाईतर वरची ओळ मोकळी आहे. दीर आधी गाडीकडं गेला. गाडीत एजंट बूट पुसत बसला होता. खाचरातून आबांसकट सगळं गाव दिराकडं बघत होतं, आणि सावडीत वरची ओळ मोकळी असताना घरचाच माणूस बांधावर उभा राहिला, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडं कोण जाणार? त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. रोपं वाकडी लावली आणि मावशींनी ती उपटून परत लावायला लावली.

खंडाळ्याहून यजमान त्या आठवड्यात घरी आले. दिराला त्या दिवशी पाळी होती. शेवटचं बोलणं मावशींचं झालं आणि ते त्यांना पटलं.

दिवाळीनंतर इंद्रायणीचा तांदूळ मावशींनी आमच्या कार्यालयात पाठवला, वाटल्यास सॅम्पल म्हणा. शिजवला तेव्हा त्याचा वास चिक्कीच्या वासावर चढला. साहेबांचा प्रस्ताव मंजूर झालाय. येत्या उन्हाळ्यात आम्ही मावळातल्या शेतकऱ्यांना बायोचार करायला शिकवणार आहोत. कार्यशाळा खंडाळ्यात, तेच हॉटेल. फलक बदलून आलाय. टाकीचा खड्डा झालाय, टाकी अजून कागदावर आहे. त्यासाठी मी आठवड्यातून दोन फोन करते आणि गुरुवारी मावशींना घेऊन स्वतः साहेबांच्या व्हिडिओ बैठकीला बसणार आहे. मावशींना आवाजाची अडचण नाही. दिल्लीपर्यंत व्हिडिओशिवायही पोचेल.